रिपोर्ट ‘निल’ आल्यानंतर

पुरुषांच्या प्रजननविकारांच्या डॉक्टरच्या, म्हणजे अँड्रॉलॉजिस्टच्या, टेबलावर एक माळ असते. जपाच्या माळेत १०८ मणी, हिच्यात फक्त १२. सगळे लंबगोल, एकापेक्षा एक मोठे आणि प्रत्येकावर आकडा. पहिला मणी १ मिलिलिटरचा, शेवटचा २५ चा. झुरिकचे हार्मोनतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये ही माळ वैद्यकात आणली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डॉक्टर एका हाताने वृषण चाचपतात, दुसऱ्या हाताने मणी पुढे सरकवत जातात आणि जुळणारा मणी लागला की आकडा लिहून घेतात. निरोगी प्रौढ पुरुषात तो साधारण १५ ते २५ येतो.

हे दोन मिनिटांचं काम. तरीही मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं दवाखाने फिरणाऱ्या कित्येक जोडप्यांच्या फायली उघडल्या तर बायकोच्या नावावर सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, हार्मोनच्या चाचण्या असा गठ्ठा निघतो आणि नवऱ्याच्या नावावर एकच कागद. वीर्यतपासणीचा. त्यातल्या काही कागदांवर शुक्रजंतूंच्या रकान्यात ‘निल’ असं लिहिलेलं असतं. त्या माणसाला आडवं झोपवून, हात लावून कुणीच तपासलेलं नसतं.

या ‘निल’ला वैद्यकात अझूस्पर्मिया म्हणतात, बाहेर ‘झीरो काउंट’. एकूण पुरुषांत शंभरात एकाला, तर वंध्यत्वासाठी तपासायला आलेल्या पुरुषांत १० ते १५ टक्क्यांना हा प्रकार आढळतो. म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. आणि ज्याला तो आहे त्याला त्याची कल्पनाही नसते, कारण वीर्याचा बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. ते नसले तरी शरीरसंबंधात काही फरक पडत नाही, वीर्य पाहून काही कळत नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर ‘लॅबवाल्यांची चूक असेल’ ही पहिली प्रतिक्रिया स्वाभाविकच असते. खरं तर एका नमुन्यावर निकाल द्यायचाच नसतो. दोन वेगवेगळे नमुने घ्यायचे, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली नीट शोधायचा. त्या साक्यात पाच-दहा शुक्रजंतू मिळाले तरी पुढचं सगळं चित्र बदलतं, कारण मग शस्त्रक्रिया कदाचित लागतच नाही.

शुक्रजंतू नाहीत याची कारणं दोन घराण्यांतली. एक म्हणजे कारखाना चालू आहे पण रस्ता बंद. दुसरं म्हणजे कारखान्यातच उत्पादन नाही, किंवा इतकं कमी की बाहेर काही पोचत नाही. पहिल्या प्रकारात वृषणाचा आकार आणि रक्तातलं एफएसएच हे हार्मोन सहसा ठीक असतात. दुसऱ्यात बहुधा वृषण लहान आणि एफएसएच चढलेलं, कारण मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी दमलेल्या वृषणाला हुकूम सोडत राहते.

रस्ता बंद होण्याची कारणं आपल्याकडे ओळखीची आहेत. नसबंदी. लहानपणी झालेलं हर्नियाचं ऑपरेशन, ज्यात नकळत शुक्रवाहिनीला इजा झाली. जंतुसंसर्ग, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा क्षयरोग. तो वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषणातही घर करतो. काहींच्या बाबतीत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. एरवी ती अंडकोशाच्या वरच्या बाजूला बोटांच्या चिमटीत स्पष्ट लागते, आणि नसली तर लागत नाही. इतकं साधं हे निदान आहे. अशा पुरुषाचं वीर्य प्रमाणाने कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नसलेलं, हेही त्याच वीर्यतपासणीत दिसतं. यातल्या बहुतेकांत सीएफटीआर या जनुकात बदल असतात. हेच जनुक सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या गंभीर आजाराशी जोडलेलं असल्याने मूल होऊ देण्याआधी बायकोचीही जनुकीय तपासणी करावी लागते. हात लावून न तपासता शुक्रजंतू काढायला थेट सुई घातली, तर ते मिळतीलही, पण हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आणखी एक गट आहे, त्यांची कहाणी मला फार बोलकी वाटते. या पुरुषांची पिट्युटरी वृषणाला हुकूमच देत नाही. एफएसएच चढलेलं नसून तळाला गेलेलं असतं. त्यातल्या काहींना जन्मापासून वास येत नाही. दाढी-मिशा उशिरा किंवा विरळ. ‘तुम्हाला फुलांचा, फोडणीचा वास येतो का?’ हा प्रश्न ज्या डॉक्टरला सुचतो त्याचं निदान खुर्चीत बसल्या बसल्या होतं. उपचार म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं, सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. आणि यातल्या बहुतेकांच्या वीर्यात शुक्रजंतू येतात. काहींच्या घरी नैसर्गिक गर्भधारणा होते. ब्लेड नाही, वृषणात सुई नाही.

याची उलटी बाजू जिममध्ये दिसते. दंड फुगवायला म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड घेणारी पंचविशी-तिशीतली मुलं. बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते आणि काउंट शून्यावर येतो. औषध बंद केल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभराहून अधिक काळाने, तो बहुधा परत येतो. मात्र कमी काउंटच्या माणसालाच ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉन लिहून देणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांच्याबद्दल सौम्य शब्द मला सापडत नाही.

हा सगळा तपास मागे का पडला, हे समजून घ्यायला थोडं इतिहासात जावं लागतं.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन, जगातली पहिली टेस्टट्यूब बेबी, जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच करून दाखवलं आणि आपल्याच व्यवस्थेने त्यांना खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेतल्या डॉ. आनंदकुमार यांच्या सहकार्याने हर्षा चावडाचा जन्म झाला. ‘टेस्टट्यूब बेबी’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो तेव्हा. पण या तंत्राने मुख्यतः बंद गर्भनलिकांचा प्रश्न सोडवला होता. बशीत ठेवलेल्या स्त्रीबीजाभोवती चांगले पोहणारे हजारो शुक्रजंतू सोडावे लागत आणि त्यातला एक आपल्या बळावर आत शिरे. ज्याच्याकडे मोजकेच आणि अर्धमेले शुक्रजंतू, त्याला या दाराचा उपयोग नव्हता. १९८५ मध्ये मेलबर्नच्या गटाने अधिवृषणातून काढलेल्या शुक्रजंतूंपासून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं, पण असं यश विरळ होतं.

दार उघडलं ब्रुसेल्समध्ये, आणि तेही हात जरा जास्त पुढे गेला म्हणून. १९९१ मध्ये जानपिएरो पालेर्मो हे तरुण इटालियन डॉक्टर स्त्रीबीजाच्या बाह्य कवचाखाली शुक्रजंतू सोडण्याचं तंत्र वापरत होते. बीजाच्या आत शिरायचं नाही, असा नियम; शिरलं तर बीज मरतं, असा समज. एकदा काचेची सुई पटल भेदून आत गेली आणि शुक्रजंतू थेट पेशीद्रवात पडला. ते बीज मेलं नाही. फलित झालं. जानेवारी १९९२ मध्ये या पद्धतीने पहिलं मूल जन्मलं आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. हीच ‘इक्सी’. आता एका बीजाला एकच शुक्रजंतू पुरे, आणि त्याला पोहता येण्याचीही गरज नाही. मग पुढच्या दोन-तीन वर्षांत बेल्जियममधल्याच डॉक्टरांनी वृषणाच्या ऊतीतून, पोहायला न शिकलेले शुक्रजंतू काढून गर्भधारणा घडवल्या.

यामुळे हजारो पुरुष बाप झाले, हे खरंच. पण त्याच वेळी पुरुषाला तपासण्याची निकडही गेली. त्याला नेमकं काय झालंय हे कळलं नाही तरी चालणार होतं, कारण त्याच्याकडून फक्त एक पेशी हवी होती. वंध्यत्वाचे दवाखाने स्त्रीरोगतज्ज्ञांचे. पुरुषाचा रस्ता तिथे सॅम्पल देण्याच्या खोलीपर्यंत. माझं म्हणणं या लेखात इतकंच आहे की या तंत्राचं श्रेय मोठं असलं तरी त्याने पुरुषाला ओलांडून जायची सवय लावली, आणि ती सवय महाग पडते. नसबंदी झालेल्या माणसाचं मूल दगावलं आणि त्याला पुन्हा मूल हवं असेल, तर बायको तरुण असताना नस पुन्हा जोडण्याचा विचार आधी व्हायला हवा. अमेरिकेत सिल्बर आणि ऑस्ट्रेलियात ओवेन यांनी १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडणी करून दाखवली होती. तरी सल्ला सर्रास इक्सीचाच मिळतो.

रस्ता बंद असलेल्यांसाठी शुक्रजंतू काढणं तुलनेने सोपं. जागा बधिर करून बारीक सुईने अधिवृषणातला द्रव ओढतात, याला ‘पेसा’ म्हणतात; वृषणातूनच ओढला तर ‘टेसा’. माणूस त्याच दिवशी घरी. कारखाना चालू असल्याने माल जवळजवळ नेहमी मिळतो.

खरी कसोटी उत्पादनच नसलेल्या दुसऱ्या गटात. वृषणात शेकडो मीटर लांबीच्या केसासारख्या नलिका गुंडाळून ठेवलेल्या असतात. उत्पादन बंद पडलेल्या वृषणात त्यातल्या बहुतेक पोकळ, आधारपेशींपुरत्या उरलेल्या. पण सगळ्याच नव्हे. कुठे तरी एखाद्या कोपऱ्यात दोन-चार नलिका अजून काम करत असतात. म्हणून एकाच ठिकाणचा तुकडा काढून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे निदानासाठी बायोप्सी केली, रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले, पण ते गोठवून ठेवायची सोय किंवा बुद्धी कुणाला नव्हती. ते काचेच्या पट्टीवर रंगवून संपले आणि त्याच माणसावर पुन्हा ऑपरेशन.

न्यूयॉर्कच्या कॉर्नेल इथले पीटर श्लेगल यांनी १९९८ च्या सुमारास हे शोधकाम ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणलं. ‘मायक्रो टेसे’ ती हीच. रुग्णाला पूर्ण भूल. अंडकोशावर मधोमध छोटी चीर. वृषण बाहेर घेऊन त्याचं पांढरं, चिवट आवरण आडवं उघडतात, रक्तवाहिन्या सांभाळून. मग १५ ते २५ पट मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली सर्जन त्या पिवळट नलिकांच्या गुंत्यातून थर उलगडत जातो. तो शोधत असतो इतरांपेक्षा जाड, पांढरट, अपारदर्शक नलिका. आत पेशी भरलेल्या असल्या की ती तशी दिसते. सापडली की बारीक चिमट्याने तेवढीच उचलायची. श्लेगल यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जुन्या उघड्या बायोप्सीने ४५ टक्के पुरुषांत शुक्रजंतू मिळाले होते, या पद्धतीने ६३ टक्के. आणि त्यासाठी काढलेली ऊती सरासरी ७२० मिलिग्रॅमवरून ९.४ मिलिग्रॅमवर आली. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. लहान वृषणातून पाऊण ग्रॅम ऊती काढणं म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशीही उचलून नेणं.

ऑपरेशन दोन-तीन तास चालू शकतं, कधी त्याहूनही जास्त. पण त्यातला अर्धा खेळ शेजारच्या लॅबमध्ये असतो आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. सर्जनने पाठवलेला ऊतीचा कण लॅबमधली गर्भतज्ज्ञ, म्हणजे एम्ब्रियॉलॉजिस्ट, बशीत घेते, दोन सुयांनी नलिका पिळून, कापून, फाडून आतल्या पेशी द्रवात मोकळ्या करते. मग भिंगाखाली शोध. समोर असतात लाल रक्तपेशी, आधारपेशी, तुटक्या नलिकांचा चोथा. यात एक शुक्रजंतू: डोकं अवघं पाच मायक्रॉन लांब, शेपटीसह पन्नास-साठ. तोही पळत नाही. वृषणातून अधिवृषणात गेल्यावरच शुक्रजंतू पोहायला शिकतो. इथला बहुधा स्थिर किंवा जागच्या जागी थरथरणारा. जिवंत कोणता, मेलेला कोणता, हे त्या थरथरीवरून ओळखायचं. बशीमागून बशी, कधी ऑपरेशन संपून रुग्ण वॉर्डात गेल्यावरही तासन् तास. ‘मिळाला’ हा निरोप लॅबमधून थिएटरमध्ये जातो तेव्हा कधी कधी सर्जन दुसऱ्या बाजूचं वृषण न उघडताच टाके घालायला घेतो.

आणि निरोप येतच नाही, असंही होतं. एकूण पाहता या गटातल्या साधारण निम्म्या पुरुषांत काही मिळत नाही. हा आकडा ऑपरेशनच्या आधी, शांतपणे, दोघांना समोर बसवून सांगितला गेला पाहिजे.

काहींच्या बाबतीत तर ऑपरेशन करायचंच नसतं, आणि हे रक्ताच्या एका चाचणीवरून कळतं. इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्डी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा नसलेल्या पुरुषांत शुक्रजंतू बनत नाहीत. पुढे त्या भागाचे ए, बी, सी असे पट्टे ठरले. ए किंवा बी पट्टा पूर्ण गेला असेल तर वृषणात शुक्रजंतू मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिथे सुरी लावणं म्हणजे पैसे घेऊन जखम देणं. फक्त सी गेला असेल तर निम्म्याहून अधिकांत मिळतात. पण मग मुलगा झाला तर बापाचं तेच वाय गुणसूत्र त्याच्याकडे जाणार, आणि विशी-तिशीत तोच कागद त्याच्याही हातात पडू शकतो. निसर्गाने जिथे हा वारसा थांबवला असता, तिथे आपण तो पुढे नेतो आहोत. यात नैतिक गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. जोडप्याला ते माहीत हवं, एवढंच.

क्लाइनफेल्टर सिंड्रोमची गोष्ट उलट्या दिशेने सुखद आहे. बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेत पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. वृषण मण्यांच्या माळेत सहसा चारच्याही खाली. कित्येक दशकं अशांना ‘शक्यच नाही’ असं सांगितलं गेलं. मायक्रो टेसेनंतर यातल्या ४० ते ५० टक्क्यांत शुक्रजंतू मिळू लागले, आणि त्यांच्या बहुतेक मुलांची गुणसूत्रं सामान्य निघाली. पण अशा पुरुषाला हाडांची झीज, मधुमेह, टेस्टोस्टेरॉनची कमतरता यांसाठी जन्मभर लक्ष ठेवणारा डॉक्टर लागतो. इक्सीच्या घाईत हे निदानच झालं नाही, तर पन्नाशीत हाड मोडल्यावर कळणार. अझूस्पर्मिया असलेल्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. नुसता हात लावला तरी गाठ लागू शकते.

बायकोचं काय? दोष पुरुषात असला तरी इंजेक्शनं तिलाच. दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, दिवसाआड सोनोग्राफी, भूल देऊन बीजं काढणं, क्वचित अंडाशय फुगून दवाखान्यात भरती. कुटुंब नियोजनातही हेच दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. मूल नको असलं तरी तिचं शरीर, हवं असलं तरी तिचंच. घरात ‘हिला काही होत नाही’ हे वाक्य रिपोर्ट येण्याआधी ठरलेलं असतं. आणि रिपोर्ट आल्यावर तीच म्हणते, ‘सासूबाईंना सांगू नका, माझ्यातच काही आहे म्हणा.’

यातून एक अवघड वेळ येते. बीजं त्याच दिवशी काढायची आणि त्याच दिवशी नवऱ्याचं ऑपरेशन, असं ठरवलं आणि शुक्रजंतू मिळाले नाहीत तर? तिची बीजं गोठवायची, की दात्याचं वीर्य वापरायचं? भुलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या दोन माणसांनी हा निर्णय घ्यायचा नसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी पुरुषाचं ऑपरेशन आधी करतात, मिळालेले शुक्रजंतू गोठवतात आणि मगच तिची इंजेक्शनं सुरू करतात. मोजकेच मिळाले तर गोठवण्यात काही गमावतात, हा त्यातला तोटा. तरी मला हाच क्रम न्याय्य वाटतो.

दात्याबद्दल आता कायदा स्पष्ट आहे. २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचं, दाता २१ ते ५५ वयाचा, आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला. मूल कायद्याने त्या जोडप्याचंच; दात्याचा हक्क नाही. ‘घरातलंच रक्त असू दे, दिराचं घेऊ’ ही कुजबुज त्यामुळे बाद. महाभारताने ही गोष्ट लपवली नव्हती. विचित्रवीर्याच्या राण्यांना पुत्र कुणापासून झाले हे व्यासांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आपल्या दिवाणखान्यात मात्र ‘डोनर’ हा शब्द दार लावूनच उच्चारला जातो. दत्तक हा मार्ग आहेच, पण तो ऑपरेशन फसल्यावर सांत्वन म्हणून सुचवला की दोन्ही बाजूंचा अपमान होतो.

ऑपरेशन होतं, टाके विरघळतात, पंधरा-वीस दिवसांनी माणूस पुन्हा दुचाकीवर बसतो. मग गर्भ राहिला तर सगळ्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे, नाही राहिला तर पुढच्या तारखेकडे. नवऱ्याला कुणी परत बोलावत नाही. मायक्रो टेसेनंतर टेस्टोस्टेरॉन काही महिने खाली येतं. बहुतेकांत ते वर्ष-दीड वर्षात पूर्वीच्या जवळपास पोचतं, क्लाइनफेल्टर असलेल्यांत पुष्कळदा पोचत नाही. थकवा, चिडचिड, इच्छा न होणं ही लक्षणं मग ‘टेन्शन’च्या खात्यावर जमा होतात. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख त्याच्याही नावाने लिहून घ्यावी: सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा, सकाळी लवकर, टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त.